दर किलोमीटरला एक रुपया

"तू कॉन्व्हेंटची ना? मग इंग्लिश सेक्शनमध्ये दे की तुझा लेख!" असं आमच्या संपादक मंडळातल्या एकीने मला सरळ तोंडावर सांगितलं. तिचंही बरोबर आहे. दहावीपर्यंत मराठीच्या पेपरात मी जेमतेम काठावर असायचे आणि ऱ्हस्व-दीर्घाशी माझं भांडण अजून मिटलेलं नाही. पण हा लेख ज्यांच्यासाठी आहे, ते आमच्या मेसचे काका मासिकाचा इंग्लिश विभाग उघडतसुद्धा नाहीत. म्हणून मराठीतच लिहिणार. चुका पोटात घाला!

तर मित्र-मैत्रिणींनो, विषय आहे सायकल. हॉस्टेलमध्ये 'बाईक' म्हटलं की पोरांच्या डोळ्यांसमोर पेट्रोलवर चालणारीच येते. आपली बाईक पायडलवाली. आणि प्रवास साधा नाही, तर कुणासाठी तरी पैसे जमवायला केलेला: पुणे ते पणजी, चार दिवस, ४४० किलोमीटर.

कारणासाठी सायकल मारणं आपल्याकडे नवीन नाही. १९८५-८६ मध्ये बाबा आमटे यांच्या 'भारत जोडो' अभियानात तरुण मुलं-मुली कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंत सायकलने गेली होती. आमचं काम त्यापुढे म्हणजे गल्लीतली फेरी. पण त्या फेरीत मी एकदा सपशेल नापास झाले, आणि दुसऱ्यांदा पास झाले. मधल्या वर्षभरात जे शिकले ते पुढच्या बॅचला फुकट मिळावं, एवढाच या लेखाचा उद्देश.

आधी केटीची गोष्ट

आमच्या एनएसएस कॅम्पच्या गावात शाळा सातवीपर्यंत. आठवीला सात किलोमीटर लांब जायचं, आणि एस.टी.ची वेळ शाळेच्या वेळेला जुळत नाही. मुलगे कुणाच्या तरी गाडीवर लटकून जातात. मुली चालतात, नाहीतर थांबतात. 'थांबतात' म्हणजे शिक्षण थांबतं. म्हणून मागच्या वर्षी ठरलं, की सात मुलींना सात सायकली द्यायच्या. एक सायकल साधारण सहा हजारांची. आम्ही चौघे पुण्याहून पणजीला सायकलने जाणार आणि लोक आम्हाला किलोमीटरच्या हिशोबाने पैसे देणार. कुणी दोन रुपये, कुणी पन्नास पैसे. प्रत्येकाच्या वहीत मिळून किलोमीटरला पंचवीस रुपये जमले. ४४० गुणिले २५ म्हणजे ११ हजार, आणि चौघांचे ४४ हजार. कागदावर सात सायकली झाल्यासुद्धा!

मेसच्या काकांनी माझ्या वहीत सही केली: किलोमीटरला एक रुपया. मी म्हटलं, "काका, चार आणे पण चालतील." ते म्हणाले, "पोरी, तू चालव, मी देतो."

तयारी काय केली? निघायच्या आधी तीन रविवार सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत जाऊन आलो, नवीन टी-शर्ट छापले, आणि भरपूर फोटो काढले. झाली तयारी.

पहिल्याच दिवशी शिरवळपासून माझा गुडघा बोलायला लागला. मी ऐकलं नाही. मोठा गिअर लावून, दात-ओठ खात खंबाटकीच्या घाटाला भिडले. घाटात दम असा लागला, की डोळ्यांपुढे काळे ठिपके. सायकलच्या मीटरवर ६८ किलोमीटर होते, तेव्हा मला उचलून टेम्पोत बसवलं. पुढचे तीन दिवस मी टेम्पोतून बाकीच्यांना टाळ्या वाजवल्या.

हिशोब सोपा होता. ३७२ किलोमीटर बुडाले, म्हणजे ९३०० रुपये बुडाले. सातऐवजी पाच सायकली आल्या. काकांनी मात्र पूर्ण ४४० रुपये माझ्या हातात ठेवले. मी सांगत होते, की माझे ६८ च झाले. ते म्हणाले, "असू दे, राहिलेले नंतर चालव."

ज्या दोघी राहिल्या, त्यातली एक मैत्रिणीच्या कॅरियरवर बसून शाळेला जात होती. दुसरी जूनपासून गेलीच नाही. त्याला कारण फक्त सायकल, असं मी म्हणणार नाही. घरात धाकटं भावंड होतं, आई शेतावर जाते. पण माझ्या बुडालेल्या किलोमीटरमध्ये तिची सायकल होती, हे गणित मला टाळता येत नाही.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं: अशा राइडमध्ये किलोमीटर आपले नसतात. ते दुसऱ्याने आधीच विकत घेऊन तिसऱ्याला देऊन टाकलेले असतात. आपण फक्त पोचवणारे. म्हणून तयारी म्हणजे हौस नाही. ती घेतलेल्या पैशाची जबाबदारी आहे.

पहिला पेपर: शरीर

परत आल्यावर गुडघा दाखवायला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गुडघा बघितला आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ९.८! बायकांना निदान १२ तरी हवं. म्हणजे घाटात जो दम लागला, तो सगळा घाटाचा दोष नव्हता. रक्तच प्राणवायू कमी वाहून नेत होतं. इंजिन बरं, पण कार्बोरेटर चोंदलेला.

मुलींनो, हा परिच्छेद दोनदा वाचा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षय असलेल्या निघाल्या. आपण हॉस्टेलवर सकाळचा नाश्ता बुडवून नुसत्या चहावर लेक्चरला पळतो, त्यामुळे आपण त्या ५७ मध्ये नाही अशी खात्री कुणी देऊ नये. तपासणी स्वस्त असते. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्यायच्या, आणि चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, कारण चहा लोह शरीरात शोषू देत नाही. मला तीन-साडेतीन महिने लागले. आठवड्यात भरून निघत नाही ते! दमा, हृदयाचा त्रास, चक्कर येणं असं काही असेल तर राइडला नाव द्यायच्या आधी डॉक्टरांना सांगा, नंतर नाही.

सरावासाठी दहा आठवडे धरा. आमचं वेळापत्रक असं होतं: आठवड्यात दोन दिवस सकाळी तासभर, आणि रविवारी लांब पल्ला. पहिल्या रविवारी ३० किलोमीटर, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवायचं. एकूण अंतर दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपासच वाढवावं असं सगळे जाणकार सांगतात. फुप्फुसं पटकन तयार होतात, गुडघ्याचे स्नायूबंध हळू तयार होतात. म्हणून दम लागत नाही म्हणजे आपण तयार, असं समजू नका. माझी फसगत तिथेच झाली होती.

दर चौथ्या आठवड्याला अंतर कमी करून शरीराला सुट्टी. सबमिशनचा आठवडा आपोआप तसा येतोच! खडकवासला, सिंहगडाचा पायथा, मग बोपदेव घाट, दिवे घाट, आणि शेवटी जुन्या हायवेने लोणावळा जाऊन-येऊन. (एक्सप्रेस वेवर सायकलला बंदी आहे, तिकडे डोकावूसुद्धा नका.) लोणावळ्याची ती एक फेरी मला १२५ च्या वर पडली, म्हणजे प्रवासातला सगळ्यात लांबचा दिवस आधीच घरच्या मैदानावर होऊन गेला. त्याहून महत्त्वाचं, म्हणजे शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन दिवस चालवा. पहिला दिवस कुणीही मारतो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच सीटवर परत बसणं हीच खरी परीक्षा.

शेवटचा आठवडा हलका. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून जसं काही होत नाही, तसंच हे.

दुसरा पेपर: सायकल आपल्या मापाची करणं

गुडघ्याचं दुसरं कारण सायकलच्या दुकानातल्या मामांनी एका मिनिटात सांगितलं. माझी सायकल बघून ते म्हणाले, "ताई, सीट बसायला सोयीची आहे, चालवायला नाही." पाय जमिनीला टेकावेत म्हणून मी सीट खाली ठेवली होती. सीट खाली असली की गुडघा जास्त वाकतो आणि वाटीवर ताण येतो. दुखणं गुडघ्याच्या पुढच्या बाजूला असेल तर बहुतेक वेळा सीट खाली असते. मागच्या बाजूला असेल तर सीट फार वर.

माप काढायची सोपी रीत: भिंतीला धरून सायकलवर बसा. पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. आता टाचेऐवजी चवडा ठेवला की गुडघ्याला थोडासाच बाक राहतो. हेच हवं. सीट एकदम तीन इंच वर नेऊ नका, दर राइडला थोडी थोडी न्या. सीटचं टोक वर-खाली नको, सपाट हवं. हँडल इतकं लांब नको की कोपरं ताठ होतील.

आता गिअर. आपण इंजिनिअर, तेव्हा सूत्रच बघू. पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. तीच पॉवर तुम्ही हळू फिरवून, जोर लावून काढू शकता, किंवा भरभर फिरवून, हलक्या पायाने. वेग निम्मा केला की पायावरचा जोर दुप्पट. तो जोर कोण सोसणार? गुडघा!

माझ्या सायकलला पुढे ४८, ३८ आणि २८ दात्यांची चक्रं आहेत आणि मागे १४ ते २८. चाकाचा परीघ २.१७ मीटर. ४८ आणि १४ वर एका पायडलच्या फेऱ्यात सायकल सुमारे ७.४ मीटर जाते. २८-२८ वर फक्त २.१७ मीटर. मिनिटाला ७५ फेरे मारले, तर या सगळ्यात हलक्या गिअरवर ताशी पावणेदहा किलोमीटरचा वेग मिळतो. घाटात एवढा पुष्कळ झाला. मागच्या वर्षी मी हा गिअर 'लहान मुलांचा' म्हणून लावलाच नव्हता. सपाटीला मिनिटाला ८०-९० फेरे, चढाला ७० च्या खाली जाऊ द्यायचं नाही, आणि गिअर चढ सुरू व्हायच्या आधी बदलायचा. मध्येच बदलला तर चेन कुरकुरते, कधी उतरतेसुद्धा.

तिसरा पेपर: सायकलची ओव्हरहॉलिंग

राइडच्या तीन आठवडे आधी सायकल पूर्ण खोलून घ्या, आदल्या दिवशी नाही. नवीन बसवलेल्या तारा आणि केबल सुरुवातीला ढिल्या पडतात, त्या परत आवळायला वेळ हवा. दुकानात सायकल टाकून निघून येऊ नका, शेजारी उभे राहा. मी मामांकडे चार संध्याकाळी बसले. वर्कशॉपच्या दोन सेमिस्टरमध्ये आलं नाही तेवढं तिथे हाताला लागलं.

चाक: उलटं करून फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघा. रिम डावी-उजवीकडे हलत असेल तर आऊट काढून घ्या. प्रत्येक तार बोटाने छेडा. एखादीचा आवाज बद्द आला तर ती ढिली आहे. चाक हाताने आडवं हलवल्यावर खडखडलं, तर छर्रे आणि कोन बघायला हवेत.

चेन: झिजली की लांब होते. नव्या चेनचे बारा पूर्ण दुवे बरोबर बारा इंच भरतात. पट्टी लावा. एक सोळांश इंच जास्त भरली तर चेन बदला. एक अष्टमांश झाली असेल तर मागची चक्रंही गेली समजा. तेल घालण्याआधी चेन कापडाने पुसा, दुव्यादुव्यावर थेंब टाका आणि वरचं तेल परत पुसून काढा. वर राहिलेल्या तेलाला धूळ चिकटते आणि त्याचीच पॉलिश पेपरसारखी लेप होते. आणि प्लीज, मेसमधलं खोबरेल नको!

टायर: जाड गुट्ट्यांचे टायर चिखलासाठी चांगले, डांबरावर ते फक्त आवाज करतात आणि ताकद खातात. शक्य असेल तर गुळगुळीत घ्या. हवा किती भरायची ते टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं. दर सकाळी अंगठ्याने नाही, गेजने बघा. व्हॉल्व्ह कारसारखा असेल तर कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक, लांब तोंडाचा असेल तर छोटा अडॅप्टर खिशात हवाच.

पंक्चर स्वतः काढता आलंच पाहिजे. हायवेवर ट्रकचे टायर फुटून त्यातल्या बारीक तारा कडेला पडलेल्या असतात, त्या टायरमध्ये शिरून बसतात. नवीन ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून कापड फिरवा. हे विसरलात, तर दहा मिनिटांत तीच तार नवी ट्यूबही फाडते. डोळे मिटून मागचं चाक काढून परत बसवता येईपर्यंत सराव करा. आम्ही कॉरिडॉरमध्ये स्पर्धा लावली होती, रेक्टर मॅडमनी फरशीवरच्या ग्रीसबद्दल लेखी खुलासा घेतला.

एक गंमत: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. चालवताना पायडल आपोआप सुटू नये म्हणून. आमच्यातल्या एका मेकॅनिकलवाल्याने जोर लावून लावून ते आणखी घट्ट केलं. त्याचं नाव सांगत नाही, ओरल्स व्हायच्या आहेत.

ब्रेक: यावर जरा थांबू. पणजीच्या वाटेवर शेवटच्या दिवशी आंबोलीचा घाट उतरायचा असतो. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटरवर. घाटात आपण साधारण ६०० मीटर खाली येतो. मी, सायकल आणि सामान मिळून ८० किलो धरा. एमजीएच काढलं तर ४७० किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ दीड लिटर पाण्याला उकळी येईल एवढी ऊर्जा. त्यातली काही वारा खातो. बाकी सगळी ब्रेकच्या रबरातून आणि रिममधून उष्णता होऊन जाते. ब्रेक सतत दाबून ठेवलात तर रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते. म्हणून दाबा-सोडा, दाबा-सोडा, पुढचा-मागचा दोन्ही, आणि वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात नाही. मध्ये थांबून रिम थंड होऊ द्या (हात लावून बघू नका, मी लावला होता). रबरावरच्या खाचा झिजून गेल्या असतील तर दोन्ही जोड्या नवीन घाला. केबलचा एक जरी धागा तुटलेला दिसला तरी केबल बदला.

बरोबर काय घ्यायचं: दोन ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप, ॲलन की संच, चेन तोडायचं हत्यार, ब्रेकची एक केबल, प्लास्टिकचे टाय, आणि जुन्या टायरचा वीतभर तुकडा. टायरच फाटला तर तो तुकडा आतून लावून पुढच्या गावापर्यंत जाता येतं. सामान पाठीवर नको, कॅरियरवर बांधा. पाठीवरची सॅक पन्नास किलोमीटरनंतर शत्रू होते.

चौथा पेपर: पोट, पाणी आणि कपडे

भूक लागल्यावर खायचं नाही, भूक लागायच्या आधी खायचं. पहिल्या तासानंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात साधारण २५ ग्रॅम असतात. तासाला एक केळं आणि चिक्कीची वडी, किंवा खजूर, किंवा गूळ-पोळीचा रोल. महागडी पाकिटं लागत नाहीत. दुपारी हायवेच्या धाब्यावर भरगच्च थाळी मात्र टाळा. जेवून सायकलवर झोप येते, आणि बाजूने ट्रक जात असतात.

पाणी तासाला अर्धा ते पाऊण लिटर, उन्हाप्रमाणे. नुसतं पाणीच ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं, तेही धोक्याचं. दर दोन-तीन बाटल्यांमागे एक ओआरएसची. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, मेसमधला डाव नाही!

कपड्यांचं स्पष्टच लिहिते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. पॅड असलेली सायकलची चड्डी आत दुसरं काही न घालता वापरायची. शिवण घासून जखमा होतात त्या यामुळेच. ती रोज रात्री धुवायची, म्हणून दोन हव्यात. घासणाऱ्या जागी पेट्रोलियम जेली लावा. मुलींनी पाळीच्या तारखा बघून सामान बरोबर ठेवावं. दुखत असेल तर ग्रुपमध्ये सरळ सांगावं. यात लाजण्यासारखं काही नाही.

हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटं, डोक्याच्या मागे सरकलेलं नाही. पुढे-मागे दिवे दिवसाही लावा. पहाटे उजाडलं की निघा, अंधाराच्या आत मुक्कामी पोचा. हायवेच्या डाव्या कडेच्या पट्टीवर एकामागे एक, गप्पा मारायला शेजारी-शेजारी नाही. कानात इअरफोन नाही. मोठी गाडी अगदी जवळून गेली की हवेच्या झोताने सायकल हलते, तेव्हा हँडल घट्ट आवळू नका, फक्त सरळ धरा.

पाचवा पेपर: पैसे आणि परवानगी

वहीत प्रत्येकाचं नाव, किलोमीटरचा दर आणि 'जास्तीत जास्त एवढे' असा आकडा लिहा. पैसे एकाच खात्यात, बघणारे दोघे, त्यातले एक शिक्षक. यूपीआयने आलेले आणि रोख आलेले वेगळे मांडा. किलोमीटर कुणी मोजायचे? आम्ही रोज निघताना आणि पोचल्यावर सायकलच्या मीटरचा फोटो काढायचो.

सगळ्यात महत्त्वाचं: आपला खर्च देणगीतून नाही. मागच्या वर्षी टेम्पोचं भाडं आणि डिझेल आम्ही घरून मागितलं, तेव्हा कळलं की तेवढ्यात जवळजवळ दोन सायकली आल्या असत्या! यंदा एका सरांनी स्वतःची व्हॅन आणली आणि इंधन, जेवण, मुक्काम सगळं आम्ही सहा जणांनी खिशातून भरलं. शेवटी पैन् पैचा हिशोब नोटीस बोर्डावर.

आई-बाबांची लेखी संमती, रेक्टर मॅडमची परवानगी, प्रत्येकाचा रक्तगट आणि घरचा नंबर एका कागदावर, तो कागद प्रत्येकाच्या खिशात. १०८ ही रुग्णवाहिका आणि ११२ ही आपत्कालीन मदत, हे दोन नंबर पाठ.

आणि एक कागद आम्ही यंदा पहिल्यांदाच केला: 'थांबायचे नियम'. सांधा दुखायला लागला आणि पंधरा मिनिटांच्या विश्रांतीने कमी झाला नाही तर व्हॅनमध्ये. चक्कर, मळमळ, छातीत दुखणं, यातलं काहीही झालं तर लगेच व्हॅनमध्ये, वाद नाही. निर्णय चालवणाऱ्याचा नाही, बरोबरच्या जोडीदाराचा. शुद्धीवर असताना सही करून ठेवायची, कारण रस्त्यावर प्रत्येकजण हीरो असतो.

निकाल

यंदा जानेवारीत आम्ही सहा जण निघालो. पहिला मुक्काम सातारा, दुसरा कोल्हापूर, मग निपाणी-उत्तूर-आजऱ्यावरून आंबोली, आणि चौथ्या दिवशी सावंतवाडीवरून पणजी. खंबाटकीत मी 'लहान मुलांच्या' गिअरवर, मनात फेरे मोजत, बैलगाडीच्या वेगाने चढले. ६८ चा आकडा मीटरवर आला तेव्हा मी काहीही केलं नाही. फक्त पाणी प्यायले आणि पुढे गेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी उत्तूरच्या पुढे आमच्यातला सगळ्यात दणकट सीनियर गरगरायला लागला. सकाळपासून तो पुढे पळत होता, आणि पाणी आमच्या निम्मंच प्यायला होता. "दहा मिनिटांत ठीक होतो" म्हणाला. त्याच्या जोडीदाराने फक्त तो सहीचा कागद काढून दाखवला. तो व्हॅनमध्ये बसला. त्याचे ६० किलोमीटर गेले, म्हणजे १५०० रुपये गेले. पण चौथ्या दिवशी सकाळी तो परत सायकलवर होता. मागच्या वर्षी मी शिरवळलाच थांबून सीट वर केली असती, तर? जाऊ दे.

एकूण जमले ६४,५००. दहा सायकली आल्या, आठ यंदाच्या मुलींना आणि दोन मागच्या राहिलेल्यांना. उरलेल्या साडेचार हजारांत कुलपं, हातपंप आणि पंक्चरचं सामान घेतलं आणि त्या मुलींना पंक्चर काढायला शिकवून आलो. शाळा सुटलेल्या त्या मुलीने सायकल घेतली. जूनमध्ये परत नाव घालणार, असं तिची आई म्हणाली. बघू. जूनमध्ये मी जाऊन येणार आहे.

काकांकडून यंदा मी वहीत सही घेतली नव्हती. परत आल्यावर मेसमध्ये गेले आणि मीटरचा फोटो दाखवला, ४४१. ते पोळ्या मोजत होते. त्यांनी फोन लांब धरून आकडा वाचला आणि म्हणाले, "मग फिटले की मागचे. एक किलोमीटर जास्तच झाला, त्याचा रुपया देऊ का?"

मी रुपया घेतला. पुढच्या वर्षीच्या वहीत तो पहिला जमा आहे.

ज्यांना यायचं असेल त्यांनी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहाटे साडेपाचला कॉलेजच्या मेन गेटवर यावं. सायकल कुठलीही चालेल. रक्ताचा रिपोर्ट मात्र बरोबर आणा!